बीगलबोन ब्लॅकवर यूएसबी वायफाय अडॅप्टर: फर्मवेअरची फाइल जागेवर असूनही ड्रायव्हरला ती सापडत नाही

प्रश्न
अर्धवाहक:

नमस्कार. हवेचे तापमान आणि आर्द्रता यांची नोंद ठेवणारे एक छोटे यंत्र मी बीगलबोन ब्लॅक या लिनक्स चालवणाऱ्या, एकाच पट्टीवरच्या छोट्या संगणकावर (बोर्डावर) तयार करत आहे. बोर्डावर इथरनेटचे सॉकेट आहे. परंतु यंत्र जिथे बसवायचे आहे तिथपर्यंत केबल नेणे शक्य नसल्यामुळे बोर्डाच्या एकुलत्या एक मोठ्या यूएसबी सॉकेटमध्ये नखाएवढा वायफाय अडॅप्टर लावून काम भागवावे, असे ठरवले. तयार डेबियन इमेज वापरली असती तर कदाचित हा प्रश्न पडलाच नसता. पण वीज मिळाल्यावर यंत्र काही सेकंदांत कामाला लागावे आणि कार्डावर अनावश्यक काहीही नसावे, म्हणून मी बिल्डरूट (हवे तेवढेच भाग घेऊन लहान लिनक्स प्रणाली बांधणारे साधन) वापरून स्वतःची इमेज बनवली आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० या मालिकेतला आहे.

अडॅप्टरच्या खोक्यावर चिपचे नाव कुठेही छापलेले नाही. एलएसयूएसबी ही आज्ञा दिल्यावर १४८एफ:७६०१ असा ओळख क्रमांक दिसतो आणि त्यावरून आत मीडियाटेकची एमटी७६०१यू ही चिप आहे, हे समजले. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये या चिपचा ड्रायव्हर निवडला, लिनक्स फर्मवेअर या पॅकेजमधून तिच्या फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइलही निवडली आणि इमेज पुन्हा तयार केली. तरीही बोर्ड सुरू झाल्यावर डब्ल्यूलॅन० हा वायफायचा इंटरफेस दिसत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) एक ओळ येते, तिचा अर्थ असा की एमटी७६०१यू डॉट बिन हे फर्मवेअर थेट लोड करता आले नाही, त्रुटी उणे २. आणि लगेच खालच्या ओळीत ड्रायव्हरने माघार घेतल्याची नोंद असते.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, ती फाइल लिब फोल्डरातील फर्मवेअर या उपफोल्डरात अगदी जागेवर आहे. तिचा आकार पाहिला, वाचण्याची परवानगी पाहिली, मूळ फाइलशी चेकसम जुळवला; सर्व ठीक आहे. आणखी एक लक्षण सांगतो, त्याचा संबंध आहे की नाही हे मला ठरवता आलेले नाही: बोर्ड चालू असताना अडॅप्टर काढून पुन्हा खोचला की तो व्यवस्थित चालू होतो. त्यावरून सॉकेट सैल असेल किंवा अडॅप्टर सदोष असेल असे वाटले, म्हणून तसाच दिसणारा दुसरा अडॅप्टर आणून पाहिला. त्यातही हीच चिप निघाली आणि त्याचेही वागणे तंतोतंत हेच आहे. यंत्र उंचावर बसणार असल्यामुळे प्रत्येक वेळी वीज गेल्यावर शिडी लावून अडॅप्टर काढणे आणि खोचणे मला जमणार नाही. नेमके कुठे चुकत असावे?

उत्तर १
जुनी तार:

सर्वप्रथम बोर्डाला वीज कशी दिली आहे ते सांगावे. मिनी यूएसबीच्या केबलने लॅपटॉपवरून देत असाल, तर यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर एवढीच मर्यादा असते. त्यातून प्रोसेसर, मेमरी आणि वर हा अडॅप्टर, असे सगळेच भागवावे लागते. वायफायची चिप सतत सारखा प्रवाह घेत नाही. ती प्रक्षेपण करते त्या क्षणापुरता प्रवाह एकदम वाढतो, व्होल्टेज खाली येते आणि अडॅप्टर बसवरून नाहीसा होतो. बोर्ड सुरू होतानाच सर्वांत जास्त ओढाताण असते. नंतर सारे स्थिर झाल्यावर खोचला तर चालतो, हे तुम्ही सांगितलेल्या लक्षणाशी जुळते. बोर्डावरील गोल सॉकेटमध्ये ५ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर लावून पाहा. माझ्या अनुभवात लहान बोर्डांवरचे निम्मे विचित्र दोष वीजपुरवठ्याचेच निघतात.

दुसरी शक्यता अशी की, या बोर्डाच्या सुरुवातीच्या काळातील ३.८ कर्नलमध्ये यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरचा एक दोष होता. त्यामुळे चालू बोर्डावर नंतर खोचलेले उपकरण ओळखले जात नसे. सुरुवातीपासून खोचलेले असावे लागे. मात्र तुमचे लक्षण त्याच्या नेमके उलट आहे आणि कर्नलही बराच नवा आहे, म्हणून ती शक्यता मी बाजूला ठेवतो.

उत्तर २
कीडशोधक:

वीजपुरवठा सुधारण्याचा सल्ला योग्य आहे आणि तो पुढे उपयोगी पडेलच. पण समोरचा दोष विजेचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्रुटीच्या क्रमांकातच दडलेले आहे. वीज अपुरी पडली की कर्नलच्या नोंदींत बहुधा उणे ७१ किंवा उणे ११० हे क्रमांक दिसतात. पहिल्याचा अर्थ यूएसबीवरील संभाषण मध्येच बिघडले आणि दुसऱ्याचा अर्थ ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. तुमच्याकडे उणे २ आला आहे, आणि त्याचा अर्थ इतकाच की मागितलेली फाइल अस्तित्वात नाही. म्हणजे अडॅप्टर बसवर नीट ओळखला गेला, ड्रायव्हरने त्याला आपले मानले, त्याच्यासाठी फर्मवेअर मागितले आणि कर्नलने उत्तर दिले की अशी फाइल नाही. यात हार्डवेअर कुठेच अडखळलेले नाही.

आता फाइल तर आहे, असे तुम्ही म्हणता आणि मी त्यावर शंका घेत नाही. तुम्ही ती पाहिलीत तेव्हा ती होतीच. प्रश्न असा आहे की ड्रायव्हरने पाहिले तेव्हा ती होती का. डीमेसेजच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद लिहिलेले असतात. त्रुटीच्या ओळीवरचा आकडा आणि रूट फाइल सिस्टिम माउंट झाल्याच्या, म्हणजे कार्डावरील मुख्य फोल्डर वापरासाठी जोडले गेल्याच्या, ओळीवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. माझा अंदाज असा की त्रुटी आधीची असेल आणि माउंट नंतरचे. ड्रायव्हर कर्नलमध्येच समाविष्ट केला असेल, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये त्याच्यासमोर एम ऐवजी वाय असेल, तर तो मायक्रोएसडी कार्ड वाचले जाण्याची वाट पाहत नाही. यूएसबीवर अडॅप्टर दिसताक्षणी तो कामाला लागतो आणि त्या क्षणी लिब फोल्डरच काय, कोणताच फोल्डर अस्तित्वात आलेला नसतो. तुम्ही नंतर अडॅप्टर काढून खोचता तेव्हा फाइल सिस्टिम तयार असते, म्हणून तेच सर्व सुरळीत चालते. सैल सॉकेटचा भास होतो तो यामुळे. अडॅप्टर बदलूनही वागणे तंतोतंत तेच राहिले, हा खरे तर तुमच्याकडचा सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण सदोष वस्तू इतक्या शिस्तीने चुकत नाहीत.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलपासून वेगळी राहणारी, नंतर लोड होणारी फाइल) म्हणून बांधावा, म्हणजे तो कार्डावरच राहील आणि कार्ड वाचता येऊ लागल्यानंतरच लोड होईल. तोवर फर्मवेअरही उपलब्ध झालेले असेल. दुसरा असा की कर्नलच्या कॉन्फिगरेशनमधील एक्स्ट्रा फर्मवेअर या पर्यायात फाइलचे नाव लिहून ती कर्नलच्या इमेजमध्येच समाविष्ट करावी. दुसरा मार्ग वरवर सोपा दिसतो. पण फर्मवेअर बदलले की कर्नल पुन्हा बांधावा लागतो. शिवाय तुम्ही ते यंत्र इतरांना देणार असाल तर जीपीएल या मुक्त परवान्याचा कर्नल आणि वेगळ्या परवान्याचे फर्मवेअर एकाच इमेजमध्ये वाटण्याचा कायदेशीर प्रश्न उभा राहतो, असा इशारा त्या पर्यायाच्या मदतीच्या मजकुरातच दिलेला आहे. मी पहिला मार्ग घेईन.

मॉड्यूल करताना केवळ एमटी७६०१यू हाच भाग नको, त्याखालचे मॅक८०२११ आणि सीएफजी८०२११ हे कर्नलमधील वायफायचे सामाईक थरही मॉड्यूलच करा. सीएफजी८०२११ सुरू होताना रेग्युलेटरी डॉट डीबी ही फाइल मागतो. तिच्यात कोणत्या देशात कोणते चॅनल वापरता येतात याची माहिती असते. तीही फर्मवेअरच्याच मार्गाने येत असल्यामुळे तिलाही हाच आजार होतो. तुमच्या डीमेसेजमध्ये त्या फाइलच्या नावाचीही उणे २ ची ओळ असण्याची दाट शक्यता आहे. ती फाइल मिळाली नाही तरी वायफाय चालते, म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. मग राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या चॅनलवर गेला की जोडणी का होत नाही, याचा शोध घेत बसावे लागते. बिल्डरूटमध्ये ही फाइल वायरलेस रेगडीबी या वेगळ्या पॅकेजमधून येते. ते निवडा आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट (पासवर्ड देऊन वायफायला जोडणारा प्रोग्रॅम) याच्या फाइलमध्ये आपल्या देशाचा दोन अक्षरी कोड लिहा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अर्धवाहक:

तुमचा अंदाज अचूक ठरला. फर्मवेअरच्या त्रुटीवर २.१ सेकंदांची नोंद आहे आणि रूट फाइल सिस्टिम माउंट झाल्याची नोंद ३.४ सेकंदांची आहे. कॉन्फिगरेशनमध्ये वाय होते. लहान इमेजमध्ये मॉड्यूलचा पसारा नको, म्हणून मीच ते जाणूनबुजून तसे ठेवले होते. रेग्युलेटरी डॉट डीबीची ओळही सापडली. ती मी आतापर्यंत किमान वीस वेळा पाहिली असेल आणि प्रत्येक वेळी निरुपद्रवी समजून सोडून दिली होती.

तिन्ही थर मॉड्यूल करून इमेज पुन्हा बांधली. आता त्रुटीची ओळ गेली, परंतु इंटरफेस अजूनही आपोआप तयार होत नाही. डीमेसेजमध्ये ड्रायव्हरचा उल्लेखच नाही. मी स्वतः मॉडप्रोब या आज्ञेने मॉड्यूल लोड केले की क्षणात डब्ल्यूलॅन० दिसतो आणि आयडब्ल्यू या वायफायच्या आज्ञेच्या स्कॅनमध्ये आजूबाजूची नेटवर्कही दिसतात. हे मॉड्यूल आपोआप लोड का होत नाही?

उत्तर ३
कीडशोधक:

कारण ते लोड करणारे तुमच्या इमेजमध्ये कोणी नाही. नवे उपकरण दिसल्यावर कर्नल फक्त तशी सूचना देतो. ती ऐकून योग्य मॉड्यूल शोधणे आणि लोड करणे हे बाहेरच्या प्रोग्रॅमचे काम आहे. मोठ्या वितरणांमध्ये ते काम यूडेव्ह करतो. बिल्डरूटमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या यादीत डेव्ह फोल्डर (उपकरणांच्या नोंदींचा फोल्डर) कसा सांभाळायचा याचा एक पर्याय असतो आणि बिझीबॉक्सची (अनेक लहान आज्ञा एकत्र देणाऱ्या प्रोग्रॅमची) साधी मांडणी वापरली तर तिथे मुळात केवळ डेव्हटीएमपीएफएस एवढेच निवडलेले असते. त्यात डेव्ह फोल्डरातील नोंदी तयार होतात, पण मॉड्यूल लोड होत नाहीत. त्याऐवजी एमडेव्हसह असलेला पर्याय निवडा. एमडेव्ह बिझीबॉक्सचाच भाग असल्यामुळे इमेजचा आकार जवळजवळ वाढत नाही, आणि त्याची सुरुवातीची स्क्रिप्ट आधीपासून जोडलेल्या उपकरणांसाठीही मॉड्यूल लोड करते. ईयूडेव्हनेही हेच काम होईल, पण एका अडॅप्टरसाठी तो आणण्याची गरज मला दिसत नाही.

यानंतर आणखी एक अडथळा येईल, तो आताच सांगून ठेवतो. मॉड्यूल लोड होऊन, फर्मवेअर चिपमध्ये उतरून इंटरफेस तयार होईपर्यंत थोडा वेळ जातो आणि तेवढ्यात नेटवर्क सुरू करणारी स्क्रिप्ट पुढे येऊन असा इंटरफेस नाही असे म्हणून निघून जाते. बिल्डरूटच्या नेटवर्क इंटरफेसेसच्या फाइलमध्ये डब्ल्यूलॅन० च्या नोंदीखाली वेट डिले आणि त्यापुढे १५ असे लिहिले, तर स्क्रिप्ट इंटरफेस येण्याची जास्तीत जास्त १५ सेकंद वाट पाहते. स्क्रिप्टमध्ये अंदाजाने झोप घालणाऱ्या आज्ञा लिहिण्यापेक्षा हे चांगले, कारण इंटरफेस २ सेकंदांत आला तर वाट पाहणेही तिथेच संपते.

उत्तर ४
तिसरा पिन:

मध्येच एक प्रश्न विचारतो, विषय जवळचाच आहे. याच चिपचा अडॅप्टर वापरून बोर्डालाच ॲक्सेस पॉइंट बनवता येईल का? म्हणजे राउटर नसलेल्या ठिकाणी फोन थेट यंत्राशी जोडता येईल.

उत्तर ५
जुनी तार:

मूळ कर्नलमधील एमटी७६०१यू ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ या आवृत्तीत आला, आणि त्यात ॲक्सेस पॉइंटची सोय नाही; तो दुसऱ्याच्या नेटवर्कला जोडून घेण्यासाठीच उपयोगी आहे. कोणताही अडॅप्टर घेतल्यावर आयडब्ल्यू लिस्ट ही आज्ञा द्यावी आणि ती दाखवत असलेल्या इंटरफेस प्रकारांच्या यादीत एपी (ॲक्सेस पॉइंट) ही अक्षरे आहेत का ते पाहावे. खोक्यावर काय लिहिले आहे त्यावर विसंबू नये. ॲथेरॉसची एआर९२७१ आणि रालिंकची आरटी५३७० या चिपांचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहेत आणि दोन्ही ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतात. अर्थात दोन्ही २.४ गिगाहर्ट्झपुरत्याच आहेत.

खोक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या चिपा घालून अडॅप्टर विकले जातात, तेव्हा दुसऱ्याला चालला म्हणून आपल्यालाही चालेल असे गृहीत धरता येत नाही. ओळख क्रमांक पाहिल्याशिवाय ड्रायव्हर शोधायला निघू नये. त्यातही एक फसवी जात आहे. काही अडॅप्टर पहिल्यांदा खोचल्यावर स्वतःला वायफाय म्हणून ओळख देतच नाहीत. विंडोजचे ड्रायव्हर पोटात बाळगणारी सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येतात. रियलटेकच्या काही चिपांचा ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक त्याच अवस्थेचा असतो. तिथे यूएसबी मोडस्विच वापरून आधी रूप बदलावे लागते, मगच खरा क्रमांक दिसतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अर्धवाहक:

एमडेव्ह निवडल्यावर आणि प्रतीक्षेची ओळ लिहिल्यावर बोर्ड सुरू होताच इंटरफेस तयार होतो, डब्ल्यूपीए सप्लिकंट राउटरशी जोडून घेतो आणि यूडीएचसीपीसी या प्रोग्रॅमला राउटरकडून नेटवर्कचा पत्ताही मिळतो. सलग दहा वेळा वीज बंद करून पुन्हा दिली आणि दहाही वेळा जोडणी झाली.

त्यानंतर मात्र एक नवा त्रास सुरू झाला. पिंग तासभर चालू ठेवले तर एकही पॅकेट हरवत नाही. पण नोंदींची मोठी फाइल पाठवू लागलो की अर्ध्या मिनिटात जोडणी तुटते आणि डीमेसेजमध्ये उणे ११० व उणे ७१ अशा त्रुटींची रांग लागते. वीज अजून लॅपटॉपच्या मिनी यूएसबी केबलनेच देत आहे. म्हणजे पहिल्या उत्तरातला सल्ला मी टाळला आणि तो आता समोर आला, असे दिसते.

उत्तर ६
जुनी तार:

हे दोन आकडे दिसले की माझा पहिला सल्ला लागू होतो. पिंगमध्ये प्रक्षेपण क्षणभराचे आणि विरळ असते, मोठी फाइल पाठवताना ते जवळजवळ सतत चालते, म्हणून दोष तिथेच उघडा पडतो. गोल सॉकेटला ५ व्होल्टचा चांगला पुरवठा द्या. केबलही पातळ किंवा फार लांब नको, कारण तारेतच व्होल्टेज पडले तर पुरवठ्यावर २ अँपिअर लिहिलेले असून काही उपयोग नाही. एवढे मात्र लक्षात असू द्या की या बोर्डाच्या यूएसबी सॉकेटला पुढे वीज देणारा स्विच ५०० मिलिअँपिअरच्याच बेताचा आहे. अडॅप्टरशिवाय आणखी काही त्याच सॉकेटवर चालवायचे असेल तर स्वतःची वीज असलेला हब लागेल.

त्याच वेळी अडॅप्टर बोर्डापासून वीतभर लांबीच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलवर न्या. नखाएवढ्या अडॅप्टरचा अँटेना म्हणजे आतल्या पट्टीवरची एक छोटी तांब्याची रेघ असते. ती बोर्डाच्या ग्राउंडच्या तांब्याला आणि सॉकेटच्या धातूला चिकटून बसली की सिग्नल बराच घटतो, आणि शेजारचे एचडीएमआय सॉकेट चालू असेल तर त्याच्या गोंगाटाचीही भर पडते. तुमच्या यंत्राला पडदा नसेलच, तर एचडीएमआय बंद करून टाकणे उत्तम. यंत्राचा डबा धातूचा असेल तर अडॅप्टर डब्याबाहेर काढण्याला पर्याय नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अर्धवाहक:

५ व्होल्ट, २ अँपिअरचा पुरवठा लावल्यावर त्रुटींची रांग थांबली. एक्स्टेन्शन केबल जोडण्यापूर्वी आयडब्ल्यूच्या लिंक आज्ञेत सिग्नल उणे ७४ डीबीएम दिसत होता, बोर्ड जागचा न हलवता तो केबलनंतर उणे ६१ झाला (शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). इतका फरक एवढ्याशा केबलने पडेल असे वाटले नव्हते. तीच मोठी फाइल आता लागोपाठ पाच वेळा पूर्ण गेली.

एकच गोष्ट उरली आहे. नोंदी एचटीटीपीएसने सर्व्हरवर पाठवायच्या आहेत, आणि बोर्ड नुकताच सुरू झालेला असताना सर्टिफिकेट अद्याप वैध झालेले नाही अशी तक्रार येते. साध्या एचटीटीपीने पाठवले तर जाते. हेही अडॅप्टरचेच काही आहे का?

उत्तर ७
कीडशोधक:

नाही, ते घड्याळाचे आहे. या बोर्डाच्या घड्याळाला बॅटरीचा आधार नाही, त्यामुळे वीज गेली की ते वेळ विसरते आणि पुन्हा सुरू होताना कित्येक वर्षांपूर्वीच्या एका ठरावीक तारखेपासून मोजू लागते. त्याच्या दृष्टीने तुमच्या सर्व्हरचे सर्टिफिकेट अजून काही दशकांनी सुरू व्हायचे आहे. बिझीबॉक्समधील एनटीपीडी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) निवडा आणि नेटवर्क मिळाल्यावर वेळ एकदा जुळल्यानंतरच पाठवणारा प्रोग्रॅम सुरू करा. तुमचे यंत्र नोंदी ठेवणारे आहे, म्हणून माझ्या मते आय२सी या दोन तारांच्या जोडणीचे बॅटरीवाले घड्याळ, उदाहरणार्थ डीएस३२३१ चिपचे, लावणे अधिक बरे. राउटर बंद असलेल्या काळातील नोंदींवरही मग खरी वेळ पडेल. त्या चिपचा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये वाय करूनच ठेवा. त्याला कोणतेही फर्मवेअर लागत नाही, आणि कर्नल सुरू होतानाच त्याच्याकडून वेळ घेता आली पाहिजे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
अर्धवाहक:

एनटीपीडीने एचटीटीपीएसची तक्रार दूर झाली. डीएस३२३१ चे छोटे बोर्ड माझ्याकडे दुसऱ्या कामातले पडून होते, ते आय२सीवर जोडले आहे आणि त्याचा ड्रायव्हर तुम्ही म्हणता तसा वाय केला आहे. राउटर बंद ठेवून वीज तीनदा बंद केली आणि पुन्हा दिली. तिन्ही वेळा पहिल्याच नोंदीवर बरोबर वेळ पडली. आता डबा बंद करून यंत्र वर चढवतो.